कावळ्यानं निवडलेलं शहर

दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना. ऊन डोक्यावर आलं. नदीच्या काठावर वाटूरची माणसं घामानं निथळत उभी होती आणि सुरेखा बायांमध्ये बसून कावळ्याकडं पाहत होती, एस.टी.च्या स्टँडवर बसलेलं माणूस समोरच्या भिंतीकडं पाहतं तशी. तिचा नवरा भुजंग जाऊन दहा दिवस झाले होते. तिला अजून रडू आलं नव्हतं आणि गावानं तेही बघून ठेवलं होतं.

कावळा शिवत नाही म्हणजे मेलेल्याची काही इच्छा राहिली, हे सगळ्यांना ठाऊक. मग एकेकानं शब्द द्यायला सुरुवात केली. पोरीला, शालूला, शिकवू, म्हणाले. कावळा बाभळीवरून हलला नाही. त्यानंतर पोरीच्या शिक्षणाची गोष्ट कोणी काढली नाही. म्हातारीला सांभाळू, झालं. दुकान बंद पडू देणार नाही, झालं. शेवटी काकासाहेब, भावकीतलं मोठं माणूस, म्हणाले, "त्याचा परदेशाचा टूर राह्यलाय रे. त्याच्यात जीव अडकला असंल."

टूर बियाणं कंपनीचा होता. या भागात बियाण्याचा धंदा चांगला केला की कंपनी दुकानदाराला बायकोसकट विमानात बसवते. यंदा दोन शहरं दिली होती, दोन्ही जुनी, दोन्ही बंदराची: इस्तंबूल नाहीतर लिस्बन. कोणतं ते ठरायच्या आधीच भुजंग दुकानात बसल्या जागी गेला.

धाकटा भाऊ कल्याण पुढं झाला. हात जोडून म्हणाला, "दादा, तुझ्या जागी मी जातो. लिस्बनला जातो." कावळा तिथंच. कल्याणनं जरा थांबून सांगितलं, "बरं, इस्तंबूलला जातो. शब्द देतो." कावळा खाली आला आणि पिंडाला शिवला. बायांनी डोळे पुसले. काकासाहेबांनी कल्याणच्या पाठीवर हात ठेवला. कावळ्याला भूक लागली असेल, असं म्हणायची तिथं कोणाची छाती नव्हती.

तेराव्यानंतर कंपनीचा भागवत घरी आला. तोवर कल्याणनं जुन्या जालन्यात कोट शिवायला टाकला होता. चहा झाला. भागवतनं दोन्ही शहरांची रंगीत चित्रं सतरंजीवर मांडली आणि मान खाली घालून सांगितलं की टूर बियाणं विकायचं लायसन ज्याच्या नावावर त्यालाच मिळतो. लायसन सुरेखाताईंचं आहे. दुसऱ्याला देता येत नाही.

सगळ्यांनी एकमेकांकडं पाहिलं, जसं काही त्यानं नवीनच सांगितलं. कृषीची पदवी तिची. त्या पदवीवर लायसन मिळालं. दुकानात तिचा फोटो लावलेला तो कागद वर्षानुवर्षं भिंतीवर टांगलेला आणि बाहेर पाटी 'भुजंग कृषी सेवा केंद्र'. ती आत पोळ्या लाटायची, तो गादीवर बसायचा. सगळ्यांनी तो कागद रोज पाहिला होता. वाचला कोणीच नव्हता.

सासू दुर्गाबाई म्हणाल्या, वर्ष सरल्याशिवाय रांडमुंड बाईनं समुद्र ओलांडायचा का. काकासाहेब म्हणाले, मुभा देऊ, पण कावळ्यानं सांगितलंय तिथंच जावं. कल्याण कोटाच्या मापाचं काहीतरी पुटपुटला. सगळे तिच्यासाठी ठरवून राह्यले होते आणि तिला ते सगळं जाड गोधडीतून आल्यासारखं ऐकू येत होतं.

तिनं चित्रं उचलली. इस्तंबूलच्या चित्रात पाणी होतं, बोटी होत्या आणि पल्याडच्या काठावर पुन्हा घरंच घरं. लिस्बनच्या चित्रात एक पांढरा बुरूज, आणि त्याच्यामागं नुसतं पाणी. पार आभाळापर्यंत. समुद्र तिनं कधीच पाहिला नव्हता. हीच चित्रं भुजंगनं आणली तेव्हा तिनं बुरुजावर बोट ठेवलं होतं. तो हसला होता. "पल्याड काहीच दिसत न्हाई, तिथं पाहायचं काय?" म्हणाला होता, आणि विषय संपला होता. त्या घरात विषय असेच संपायचे.

"लिस्बन," ती म्हणाली.

"अगं, कावळ्यानं..." दुर्गाबाईंनी सुरुवात केली.

"कावळा खोटं न्हाई बोलला. त्यांना इस्तंबूलच पाहिजे होतं. मला हे पाहिजे."

"मंग त्याच्या जिवाचं काय? शब्द दिलाय आपण," काकासाहेब म्हणाले.

सुरेखानं कल्याणकडं पाहिलं. रागानं नाही, कशानंच नाही. "शब्द भाऊजींनी दिलाय. सगळ्या गावासमोर. त्यांनी पाळावा, आपल्या खर्चानं. कोट तं शिवायला टाकलाच आहे."

भागवतनं खोकल्यासारखं करून हसू गिळलं. कल्याण काकासाहेबांकडं पाहू लागला आणि काकासाहेब रिकाम्या कपाकडं. कावळ्याला दिलेला शब्द मोडा, असं कोणत्या तोंडानं म्हणणार?

तिनं भागवतला टूरसाठी काढून ठेवलेला पासपोर्ट आणून दिला. तिचा फोटो त्यातही होता, लायसनवर होता तसाच, कोणाकडंही न पाहणारा. आपल्याला आनंद झाला का, हे तिनं आत चाचपून पाहिलं. काही लागलं नाही. मग तिनं इस्तंबूलचं चित्र कल्याणपुढं सरकवलं, लिस्बनचं उचललं आणि उष्टे कप तसेच सोडून चित्र घडी न घालता कपाटात ठेवलं. कप नंतर कल्याणच्या बायकोनं गोळा केले. सुरेखा चपला घालून दुकान उघडायला गेली होती.