आधी चालू, मग पाणी

चिचगडकडच्या तलावावर भैयाजींचं बोटिंग होतं. पायानं मारायच्या बोटी होत्या, त्यातल्या बदकाच्या तोंडाच्या बोटीला पोरं कंटाळली होती. म्हणून डिसेंबरच्या सुट्ट्यांआधी भैयाजींनी गोव्याहून एक जुनी वॉटर स्कूटर ट्रकवर घालून आणली. तिच्या पहिल्या मालकानं तिला टर्बो बसवलेला. टर्बो म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा. हवा वाढली की पेट्रोलही वाढवावं लागतं, आणि स्कूटरच्या मूळ कंप्युटरला या पंख्याचा पत्ताच नव्हता. मग भैयाजींनी बाहेरून दुसरा कंप्युटर मागवला, आपण शिकवू तसं शिकणारा. डबा आला, वायरींचा गुंता आला. बसवणारा मात्र कुणी येईना.

"माही भाची बसवते," चैतराम मामा बोलून गेला.

मामा देवरीला शेतातले पंप दुरुस्त करायचा. स्कूटर चालली तर यंदा ती चालवायचं, पाहुण्यांना मागं बसवून फिरवून आणायचं काम भैयाजी त्यालाच देणार होते. मामानं तर त्यासाठी काळा चष्मासुद्धा घेऊन ठेवला होता.

आणि भाची म्हणजे रचना. अकरावी सायन्स. शाळेच्या प्रदर्शनात पहिली आल्यापासून तिचे पाय जमिनीला नावापुरतेच लागत होते. तिनं सायबर कॅफेत बसून व्हिडिओ पाहिले, डिक्शनरी घेऊन माहितीपत्रक पिंजून काढलं, कंप्युटर क्लासच्या सरांचा लॅपटॉप मागून आणला. मामानं वायरी जोडल्या, तिनं एकेक गोष्ट कंप्युटरला शिकवली. वेगाचं थ्रॉटल सोडलेलं असलं की हे, पूर्ण दाबलं की ते. पाणी एवढं गरम झालं की इंजिन आवर. टर्बोनं हवा कोंबली की पेट्रोल इतकं दे. शिकवताना ती मामालाही शिकवत होती, जरा मोठ्यानंच, म्हणजे भैयाजींना ऐकू जावं.

"हे पाह्य मामा, तलावात स्कूटर इंजिन थंड ठेवायला आपलं पाणी आपणच ओढते. इथं काठावर गाडीवर उभी आहे, म्हणून पाइपानं द्यायचं. पण आधी इंजिन चालू, मग पाणी. बंद करताना आधी पाणी बंद, मग इंजिन. उलटं केलं का पाणी सायलेन्सरमधून मागं इंजिनात शिरते. ध्यानात राहील ना?"

"राहील ना व मॅडम."

"बोलून दाखव."

मामानं शाळेतल्या पोरासारखं बोलून दाखवलं. काठावर चहाची टपरी लावणाऱ्या नंदाबाई गाळणी हातात धरून ऐकत होत्या. "मास्तरीण भेटली रे तुले, चैतराम," त्या म्हणाल्या. मामा हसला. रचनाही हसली, पण मास्तरणीसारखी.

मग वेळ आली. मामा नळापाशी, भैयाजी कमरेवर हात ठेवून उभे, रचना स्टार्टरच्या बटणावर बोट ठेवून. लॅपटॉपवर सगळे आकडे जागच्या जागी येऊन बसले, आणि तिला इतका आनंद झाला की डोकं बाजूला राहिलं आणि तोंडातून लहानपणीची सवय बाहेर पडली. ती एवढीशी होती तेव्हापासून धानाच्या बांधावर मामाच्या पंपात बादलीनं पाणी भरायचं काम तिचंच. पंप आधी भरल्याशिवाय पाणी उचलतच नाही. भरला की ओरडायचं, मग मामा इंजिन मारायचा.

"मामा, सोड पानी."

मामा थबकला. "आधी पानी?"

"मी सांगून राहिली ना. कायले वेळ लावते? सोड."

मामानं सोडलं. पाइप फुगला. रचना स्क्रीनवरचा शेवटचा आकडा पाहत राहिली, मग ऐटीत बटण दाबलं. टक् झालं. परत दाबलं. टक्. इंजिन जागचं हललं नाही. स्कूटरच्या बुडातून पाणी ठिबकत होतं आणि तेव्हा तिला कळलं. कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

"पानी पहले किसने खोला?" भैयाजींनी विचारलं. नियम त्यांनीही ऐकला होता, तिनंच तर ऐकवला होता.

रचनानं तोंड उघडलं. त्याच्या आत मामा बोलला, "मीच खोलला भैयाजी. पंपाची आदत आहे माही."

"बच्ची ने इतना समझाया था यार." भैयाजींनी मान हलवली. "तू सुट्टी में पब्लिक को पीछे बिठाएगा, और वहाँ भी आदत से चलाएगा तो? नहीं चैतराम. चालवायले मी गोंदियाहून कोणाले तरी आणतो."

मग ते रचनाकडे वळले. "बिटिया, तेरा काम एक नंबर. तू टेन्शन मत ले."

त्या कौतुकानं तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मामा पान्यानं प्लग खोलत होता, खाली मान घालून. काळा चष्मा शर्टच्या खिशातून डोकावत होता. त्यानं एकदाही तिच्याकडे रागानं पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

नंदाबाईंनी चहा आणला. भैयाजींना दिला, मामाला दिला. रचनाचा कप तिच्या हातात ठेवला, पण कपावरचा हात लवकर सोडला नाही.

तिनं कप तसाच खाली ठेवला.

"भैयाजी," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. "मामानं विचारलं होतं, आधी पानी का म्हणून. मीच सोड म्हणली. वरून त्याच्यावर खेकसली."

भैयाजी हसले. "मामा को बचा रही है. अच्छे घर की है."

हे तर आणखीच वाईट होतं. खरं बोलूनही चांगुलपणा तिच्याच पदरात पडत होता. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "नाही हो. खरंच मीच."

"खरंच आहे थे," नंदाबाई म्हणाल्या. "मी इथंच होती. कायले वेळ लावते म्हणे मामाले."

"फिर तुम बोली क्यों नहीं?" भैयाजींनी विचारलं.

"मी पाहून राहिली होती, पोरगी कवा बोलते." नंदाबाईंनी रिकामे कप उचलले. "लई वेळ लावला व, बाई."

रचनाला वाटलं, तलावात उतरावं आणि बदकाच्या बोटीखाली जाऊन बसावं. शेवटी मामाच बोलला, "रचू, दाब बटण. आता प्लग नाहीत, पानी बाहेर येईल."

तिनं दाबलं. प्लगच्या भोकांतून पिचकाऱ्या उडाल्या, तिच्या तोंडावर, केसांवर. ती बाजूला झाली नाही. पाणी येणं थांबलं तेव्हा मामानं आत ऑइल सोडलं, प्लग पुसून, वाळवून परत बसवले.

"अब पानी के लिए आवाज कौन देगा?" भैयाजींचा प्रश्न होता, पण ते मामाकडे पाहत होते.

रचना उठली आणि नळापाशी जाऊन उकिडवी बसली. बटणापाशी मामा गेला.

टक् झालं नाही. इंजिन खोकललं, धूर ओकलं आणि धडधडायला लागलं. लॅपटॉपवर आकडे धावत असतील, तिनं शिकवलेले सगळे. तिनं तिकडं पाहिलं नाही. दोन्ही हात नळावर ठेवून ती मामाच्या तोंडाकडे पाहत राहिली.

"आता," मामा म्हणाला.

तिनं नळ उघडला.

"इतवार को जल्दी आना, चैतराम, पब्लिक रहेगी," इंजिनाच्या आवाजावर आवाज चढवून भैयाजी म्हणाले.

मामानं चष्मा काढून डोळ्यांवर चढवला आणि नळाकडे वळून हाक मारली, "जमलं व मॅडम." नेहमीसारखाच बोलला तो, जराही टोचून नाही. रचनानं मान वर केली नाही. पाइपातून पाणी नीट जातंय ना, एवढंच ती पाहत राहिली.