दीड हजार गुलाबी पुंगळ्या

बाई घासते घागर, चिंचेच्या गं कोळानं,
उजळली परसात, माझ्या बंधूच्या बोलानं...

सगुणाआत्या विहिरीवरच्या दगडावर बसून हे म्हणायची आणि ओवी संपली की त्याच सुरात, जणू तिसरी ओळच असल्यासारखं ओरडायची, "दौल्याऽऽ, राख संपली, मेल्या!" देवरुखजवळच्या त्या परसाला पस्तीस वर्षं झाली. आत्या गेली, घागर मोडीत गेली. दौलतच्या कानातला आवाज मात्र जागचा हलला नव्हता. पितळ दिसलं की तो आपला सुरू व्हायचा.

आणि दौलतच्या नशिबी पितळच आलं होतं. दुबईजवळच्या उम्म अल कुवैनमधल्या एका नेमबाजी क्लबात तो स्टोअर सांभाळायचा. क्लबचे मेंबर रायफलची काडतुसं परवान्यावर क्लबातच भरून घेत. त्यासाठी कोऱ्या पितळी पुंगळ्या परदेशातून यायच्या. बोटाएवढ्या, वर मान बारीक, खाली बूड पक्कं. एकेक पुंगळी उजेडात धरून पारखायची हे दौलतचं काम. मुलगी बघायला गेल्यासारखा तो प्रत्येकीकडे बघायचा आणि मनातल्या मनात 'पसंत, पसंत' म्हणत पुढे सरकायचा.

या खेपेला पाचशे-पाचशेचे चार खोके आले. बुधवारी आणि गुरुवारी दौलतने सगळे तपासले आणि त्याचा चेहरा उतरला. सदतीस पुंगळ्यांच्या मानेवर उभी, केसासारखी चीर होती. नख फिरवलं की अडकायचं. अशी पुंगळी भरून उडवली तर मान तिथेच फाटते आणि आगीचा झोत रायफलीला गाल लावून बसलेल्या माणसाच्या तोंडाकडे येतो. त्याने वहीत खोक्यागणिक आकडे लिहिले आणि सोमनाथ सरांकडे गेला.

सोमनाथ सर म्हणजे क्लबचे मॅनेजर, मूळचे संगमनेरचे. कानाला फोन आणि हातात दुसरा फोन.

"सर, मालात चिरा आहेत."

"मंडे को देखते हैं, दौलत. आता वीकेंड. यल्ला, घरी जा."

चिरांचं झालं. पण दौलतला आणखी एक गोष्ट टोचत होती. सगळ्याच पुंगळ्यांच्या मानेवर निळसर-काळा डाग होता, चुलीवरून उतरवलेल्या टोपासारखा. नवीकोरी वस्तू आणि असलं तोंड? सोमवारी सरांसमोर न्यायची ती अशी? चिरा राहू देत, त्या काही धुऊन जायच्या नाहीत; पण तोंड तरी धुतलेलं असावं माणसाचं.

शनिवारी तो दुबईतल्या अल कुसैसला जाऊन दोन किलो चिंच घेऊन आला. क्लबच्या मागच्या पॅन्ट्रीत दोन मोठ्या बादल्या होत्या. कोळ केला, मीठ टाकलं आणि पुंगळ्या सोडल्या. कानातली आत्या म्हणू लागली, तसा तोही म्हणू लागला. फक्त घागरीच्या जागी जे समोर होतं ते घालून:

दीड हजार पुंगळ्या, न्हाणीघरात बसल्या,
चिंचेच्या गं पाण्यामंदी, नव्या नवऱ्या हसल्या...

आत्या घासायची आणि लगेच खळखळून धुवायची. दौलतने विचार केला, एवढ्या नगांना कोण घासत बसतंय, मुरू देत. लोणच्यासारख्या मुरत ठेवून तो रूमवर गेला, बिर्याणी खाल्ली, झोपला आणि थेट रविवारी दुपारी परत आला.

बादलीत हात घातला आणि मूठ वर काढली. डाग गेला होता. सोबत पितळही गेलं होतं. आंबटाने पितळेतलं जस्त खाऊन टाकलं होतं आणि आतलं तांबं वर आलं होतं. दीड हजार पुंगळ्या गुलाबी झाल्या होत्या. अगदी नवरीच्या गालासारख्या, लाजऱ्या, फिक्या गुलाबी.

"आई गं," दौलत म्हणाला आणि बादलीशेजारी बसला.

पुन्हा पिवळ्या कशा करायच्या ते आत्याने कधी सांगितलं नव्हतं. त्याने त्या धुतल्या, पुसल्या, वाळवल्या, खोक्यात भरल्या. ठरवलं, उद्या सांगू. पुढच्या महिन्यात त्याचा व्हिसा रिन्यू व्हायचा होता. पण खरं सांगायचं तर भीती व्हिसाची कमी होती. बंदुकीची सामग्री चिंचेत मुरवणारा माणूस म्हणून या किनाऱ्यावर आपलं नाव पडेल, इथून पुढे प्रत्येक मराठी मंडळाच्या गणपतीत कुणीतरी ताटात चिंच वाढेल, ही भीती जास्त होती.

सोमवारी सोमनाथ सरांनी खोका उघडला आणि दोन्ही फोन खाली ठेवले.

"हे काय? गुलाबी? ब्रास गुलाबी? दौलत, हे असंच आलं?"

दौलतने तोंड उघडलं. पण सरांना उत्तर नकोच होतं.

"ह्यांनी तांबं जास्त घातलंय! स्वस्तातला माल! ह्या कंपनीचं पितळ उघडं पाडतो की नाही बघ. शाब्बास, दौलत, गुरुवारीच म्हणाला होतास तू, माल खराब आहे. मीच ऐकलं नाही."

तोंडातलं वाक्य दौलतने गिळलं. शाबासकी आधी आली की कबुली फार जड होते.

"सर, मी चिरांचं म्हणत होतो."

"अरे चिरा सोड, रंग बघ!"

मग रंगच सगळे बघत राहिले. सरांनी फोटो काढून घरी पाठवले. त्यांची अकरा वर्षांची ऋता व्हिडिओ कॉलवर किंचाळली, "डॅडी, इट्स रोज गोल्ड! कॅन आय हॅव वन फॉर अ नेकलेस?" दुपारी एक जुने अरबी मेंबर आले. त्यांनी एक पुंगळी बोटात धरून उजेडात फिरवली आणि विचारलं, "हबीबी, लिमिटेड एडिशन?" संध्याकाळपर्यंत चार जणांनी शनिवारच्या मॅचसाठी 'ती गुलाबीवाली' राखून ठेवायला सांगितलं.

शनिवारी मॅच, आणि या मालात सदतीस चिरलेल्या. दौलतला बिर्याणी गोड लागेना.

बुधवारी पुरवठादाराकडून माणूस आला. दुबईच्या जुमेरा लेक टॉवर्समधल्या त्यांच्या ऑफिसातली क्वालिटीची बाई. नाव संजना, वय तिशीचं. बॅगेत भिंग, चिमटा आणि पांढरे हातमोजे. पहिली दहा मिनिटं ती इंग्रजीत बोलली. मग बोटाला पुंगळीची कड लागली आणि ती "अगं बाई गं!" म्हणाली. सरांचा चेहरा उजळला.

"अरे, तुम्ही आपल्याच! कुठल्या?"

"इचलकरंजी. पण माझं बोलणं ऑफिशियल आहे हं, सर."

तिने भिंगातून पाहिलं, वजन केलं, मग पुंगळी नाकाशी नेली.

"याला वास कसला येतोय?"

"फॅक्टरीचा असेल," सर म्हणाले.

"फॅक्टरीला आमटीचा वास?" तिने चिमट्याने आतून काहीतरी ओढून काढलं. तपकिरी, बारीक, चिवट धागा. दौलतने छताकडे बघितलं. छतात बघण्यासारखं काही नव्हतं, तरी तो बघत राहिला.

"व्हेजिटेबल फायबर," संजना लिहिता लिहिता म्हणाली. "आता हे मी कंपनीला कसं कळवू? तुमच्या मालात भाजी निघाली म्हणून?"

"लिहा, लिहा!" सर खूश झाले. "लंच करतात ते मशीनवर!"

"आणि एक गंमत. ह्या मालाला मानेवर निळसर डाग असायला हवा. शेक दिलेला असतो तिथे, मान मऊ राहावी म्हणून. चांगल्या मालाची खूण असते ती. इथे एकावरही नाही."

दौलतला आता उमगलं. म्हणजे ज्याला तो काजळी समजला ती नवरीची हळद होती, आणि ती त्याने खरवडून काढली होती.

"पण ठीक आहे," संजनाने पेनाचं टोपण लावलं. "रंग बदललाय, वजनात फरक नाही. कॉस्मेटिक म्हणून मी क्लोज करते. वापरायला हरकत नाही."

"खलास!" सरांनी टाळी वाजवली. "शनिवारी मॅचला हेच. मेंबरलोकांना आवडलंयच."

दौलत पुढे झाला. त्याने वही उघडून धरली. "मॅडम, ह्या मालात सदतीस पुंगळ्यांना चिरा आहेत. मानेवर, उभ्या. मी वहीत लिहिलंय."

त्याने एक निवडून हातात दिली. तिने भिंग लावलं, नख फिरवलं, जरा थांबली.

"दिसतंय, दादा. पण ही चीर नाही. रंग उडताना वरचा थर असा तडकतो, रेघ उमटते. आत काही नसतं."

"रेघ नाही, मॅडम. चीर आहे."

"तुम्ही कशावरून म्हणता? गुलाबी झाल्यावर रेघा आल्या, असंच असणार ना? रंगाचाच दोष तो. रंगाचं मी लिहिलंय."

"दौलत, बास," सर हळूच म्हणाले. "झालं ना काम? इन्शाल्ला सगळं ठीक होईल."

संजना सहीसाठी कागद वळवत होती. टेबलावर चार गुलाबी पुंगळ्या ओळीने उभ्या होत्या, गोजिरवाण्या आणि निर्लज्ज. शनिवारी त्यांतली एखादी त्या म्हाताऱ्या मेंबरच्या गालाशी असेल. 'लिमिटेड एडिशन' म्हणून ते हसतील आणि बोट दाबतील.

"मॅडम, सही करू नका," दौलत म्हणाला. "रेघा रंगानंतर नाही आल्या. त्या धुण्याच्या आधीपासून होत्या."

संजनाने कागद खाली ठेवला.

"धुण्याच्या?" संजना म्हणाली.

"कसलं धुणं?" सर म्हणाले. "कोणी धुतलं? दौलत? माझ्याकडे बघ. छताकडे नको बघू."

दौलतने हात पुढे बांधले. शाळेत उभा राहायचा तसा. कानांच्या पाळ्या पुंगळ्यांपेक्षा गुलाबी झाल्या होत्या.

"मी धुतलं, सर. मला वाटलं डाग आहे. दोन किलो चिंच, अर्धा किलो मीठ, मागच्या पॅन्ट्रीत, शनिवार दुपार ते रविवार दुपार. कंपनीची रंगात काही चूक नाही. तो धागा चिंचेचा आहे, मॅडम, भाजी काढून टाका कागदातून. पण चिरा त्यांच्याच आहेत. पटत नसेल तर चौथा खोका उघडा. तो अजून पिवळाच आहे, निळ्या डागासकट, आणि सदतीसातल्या अकरा चिरलेल्या त्यातच आहेत. त्याला चिंच पुरली नाही."