मांडीतलं लोखंड

तिसऱ्या दिवशी सावडायला गेले तेव्हा नाथाजीच्या राखेत लोखंडाचा तुकडा निघाला, आणि त्याच्या बायकोला, हरणाबाईला, जी धास्ती बसली ती पुढं कित्येक महिने काही गेली नाही.

राख लालासाहेब सावडत होता. लालासाहेब म्हणजे नाथाजीच्या चुलतभावाचा मुलगा, फौजेतून सुभेदार होऊन परत आलेला. माणूस सोन्यासारखा, पण एखादी गोष्ट मनावर घेतली की सगळ्या गावाला भंडावून सोडणार. अस्थी वेचता वेचता डाव्या मांडीच्या जागी त्याच्या बोटांना काहीतरी टोचलं. त्यानं ते पाण्यात खळबळलं आणि तळहातावर घेऊन उन्हात धरलं. वाटाण्याएवढा, दातेरी कडांचा काळा तुकडा होता.

“काकी, आवं हे बघा,” तो म्हणाला. “काका तर म्हणायचे, गाडीवरनं पडून पाय गेला. गाडीवरनं पडल्यावर असलं कुठं मांडीत शिरतंय? हे तोफगोळ्याचं लोखंड हाय. लढाईत जखमी झाले हुते काका!”

ओढ्याकाठची माणसं पुढं सरकली. नाथाजी जन्मभर लंगडत चालला आणि गाव त्याच्या लंगडण्याला जन्मभर हसलं होतं. लढाईला गेला आणि ट्रकमधनं पडला, म्हणे! आता त्याच गावानं डोक्यावरच्या टोप्या काढल्या. दुसऱ्या कुठल्याही बायकोचा ऊर भरून आला असता. हरणाबाईला मात्र वाटलं, तो तुकडा झडप घालून घ्यावा आणि ओढ्यात भिरकावून द्यावा.

तिच्या भीतीला कारण होतं. एकाहत्तरची लढाई संपून नाथाजी काठी टेकत घरी आला, त्याआधीच तिचा धाकटा भाऊ कोंडीबा लढाईत गेल्याची तार तिच्या माहेरी, आष्ट्याला, येऊन गेली होती. कोंडीबाला भरतीला नेलं होतं ते नाथाजीनंच. दोघं एकाच पलटणीत, एकाच तुकडीत. दाजी संगं हायेत म्हणूनच तिच्या आईनं पोरगं धाडलं होतं. हरणाबाईनं नवऱ्याला गोठ्यात गाठलं आणि सरळ विचारलं, “माझा भाऊ कसा गेला? तुमी संगं हुता न्हवं?”

नाथाजी वैरण टाकत होता. मान वर न करता म्हणाला, “मी न्हवतो. आदल्या दिवशी भ्यालो आणि सोताच्याच मांडीत गोळी घालून घेतली. दवाखान्यात हुतो. मला काय बी ठाऊक न्हाई. लोकांना गाडीवरनं पडलो म्हणून सांगितलंय, तूबी तसंच सांग.”

तिनं तसंच सांगितलं. गावासमोर तोंडाला कुलूप घातलं ते कधी काढलं नाही. पण घरात? घरात तिनं त्याला सोडला नाही. भांडण भाजीतल्या मिठावरून सुरू होवो की उसाच्या पाण्यावरून, शेवट ठरलेला असायचा: “माझा भाऊ पुढं गेला आणि तुमी मागं पडून राहिलात.” नाथाजी पुढ्यातलं ताट सारायचा आणि उठून जायचा. एकदाही उलटून बोलला नाही. त्यालाही ती भित्रेपणाच समजली. कोंडीबाच्या पुण्यतिथीला ती एकटी आष्ट्याला जायची, त्याला कधी चल म्हणाली नाही.

आणि आता हा लालासाहेब! वेशीजवळ गावातल्या फौजींच्या नावाचा फलक लागायचा होता, नावापुढं पदकं. नाथाजीच्या डिस्चार्ज बुकात पदकांची जागा जवळजवळ कोरी. “शत्रूच्या माऱ्यात जखमी झाला त्याला पराक्रम पदक मिळतं काकी,” लालासाहेब सांगायचा. “काकांचा हक्काचा मान हाय त्यो. माणूस गेला म्हणून काय झालं? रेकॉर्ड दुरुस्त करून घेता येतं. मी हाय न्हवं!”

तो आहे, हीच तर पंचाईत होती. लालासाहेब काही म्हणो, तिच्या लेखी तो तुकडा त्या गोळीचाच होता. अर्ज वर गेला की कुणीतरी जुनं दप्तर उघडणार, आणि त्यात लिहिलेलं असणार: यानं स्वतःच गोळी मारून घेतली. फलकावरचं नाव जाईल, पेन्शन बंद होईल, कदाचित दारात पोलीस येतील. ते सगळं तिनं सोसलं असतं. पण बातमी आष्ट्याला पोचली तर? कोंडीबाला बोटाला धरून नेणारा दाजी स्वतः मात्र भिऊन दवाखान्यात जाऊन पडला, हे भावांना, भावजयांना कळलं तर? ती शिवी त्यानं तिच्या एकटीच्या तोंडून खाल्ली होती. आता मेल्यावर सगळ्यांच्या तोंडून खाणार, आणि तीही तिच्याच घरातून अर्ज गेला म्हणून.

तिनं डिस्चार्ज बुक गव्हाच्या कणगीत खुपसलं आणि म्हणाली, सापडत न्हाई. लालासाहेब म्हणाला, काळजी करू नका, काकांनी मागं कँटीनच्या कार्डासाठी झेरॉक्स दिलेली माझ्याकडं हाय. तिनं रक्तदाब वाढल्याचं सांगितलं. तो घरी गोळ्या घेऊन आला. शेवटी ती मिरजेला लेकीकडं, पूजाकडं, पळाली आणि वर्षानुवर्षं टाळलेलं मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घेतलं. विळीवर बोट कापलं तरी डॉक्टरकडं न जाणारी बाई ही, भीतीपायी डोळा कापून घेऊन बसली.

चौथ्या दिवशी लालासाहेब शहाळी आणि अर्ज घेऊन मिरजेत हजर.

“मला दिसत न्हाई,” हरणाबाई म्हणाली.

“एक डोळा उघडा हाय की, काकी.”

“आई, कर की सही,” पूजा म्हणाली. “आबांच्या नावावर काहीतरी लागू दे. सगळा जन्म लोकं हसली त्यांना.”

नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं, आणि लेकीला ते कोणत्या तोंडानं सांगणार? तिनं सही केली. मधे दोनदा पेन खाली ठेवलं, तर लालासाहेबाला वाटलं, ऑपरेशनचा अशक्तपणा.

त्यानंतर तिला झोप अशी लागलीच नाही. गावी परतल्यावर पोस्टमनची सायकल दिसली की ती परड्यात जायची. लालासाहेबाचा फोन वाजला की भाकरी तव्यावर करपायची. महिने गेले. तिला वाटायला लागलं, विसरले असतील, सरकारी काम. आणि एका सकाळी लालासाहेब दारात उभा राहिला.

“काकी, साताऱ्याच्या सैनिक कार्यालयातनं निरोप हाय. तुमाला समक्ष बोलावलंय.”

“मला कशाला?”

“ते काय सांगितलं न्हाई. पोस्टानं पाठवता येणार न्हाई म्हणाले.”

पदक द्यायचं असतं तर पोस्टानं आलं असतं, एवढं तिलाही कळत होतं. समक्ष बोलावतात ते चौकशीला. साहेबांपुढं काय बोलायचं ते गाडीत ती मनात घोकत राहिली.

कार्यालयातले साहेब निवृत्त अधिकारी होते. ती आत आली तसे ते उठून उभे राहिले. त्यानंच ती आणखी घाबरली. “बसा मावशी,” ते म्हणाले. ती बसली नाही.

“साहेब, ह्या लालासाहेबाचा काय दोष न्हाई,” ती म्हणाली. “त्याला ठाऊकच न्हवतं. ह्यांनी सोताच मांडीत गोळी घालून घेतली हुती. भ्याले हुते. पेन्शन बंद करायची तर करा. पर गावात सांगू नका. आष्ट्याला तर कळवूच नका, पाया पडते.”

लालासाहेब “काकी!” म्हणत पुढं झाला. इतकी वर्षं जे ओठांबाहेर काढलं नाही ते काढून हरणाबाई पदराचं टोक पिळत उभी होती.

“असं तुम्हाला कुणी सांगितलं?” साहेबांनी हळू आवाजात विचारलं.

“त्यांनीच.”

साहेबांनी चष्मा लावला, समोरचा कागद पुन्हा पाहिला. “मावशी, गोळी नाहीच ती. शत्रूचा गोळा जवळ फुटला, त्याचे तुकडे मांडीत गेले. एक फार खोल होता, तो राहिला. दवाखान्याचा हा कागद तेव्हा पलटणीत पोचलाच नाही, आणि नाईक नाथाजींनी कधी मागणी केली नाही. आता सगळं जुळलंय. पराक्रम पदक मंजूर झालं आहे.”

जीव भांड्यात पडायला हवा होता. पडला नाही. “कवा लागलं त्यास्नी?” तिनं विचारलं. “कुठल्या दिवशी?”

साहेबांनी तारीख सांगितली. ती तारीख तिला पाठ होती. आष्ट्याला कोंडीबाच्या फोटोखाली तीच रंगवलेली होती.

“यासाठीच समक्ष बोलावलं,” साहेब म्हणाले. “सोबत त्यांच्या कंपनीच्या साहेबांचा जबाब सापडला. तुकडी मागं आली तेव्हा एक जवान मोकळ्या रानात जखमी होऊन पडला होता. नाथाजी त्याच्यासाठी परत गेले, तेव्हा त्यांना लागलं. त्याला उचलून आणणं जमलं नाही, पण अंधार पडेपर्यंत ते त्याच्याजवळून हलले नाहीत. त्या जवानानं त्यांच्या जवळच प्राण सोडला. कोंडीबा नाव आहे. तुमच्यापैकी कुणी?”

“माझा भाऊ.”

मग साहेबांनी पुढची दोन पानं उचलली. “शेवटपर्यंत काय काय झालं, तुमचे भाऊ काय बोलले, सगळं इथं लिहिलंय. तुमचा अधिकार आहे. वाचून दाखवू?”

इतके महिने ती भ्याली होती, पण ते भिणं काहीच नव्हतं. मी तिथं होतो, असं नाथाजी गोठ्यात म्हणाला असता, तर तिनं त्याला सोडला असता का? कसा गेला, काय म्हणाला, पाणी मागितलं का, मला हाक मारली का. जन्मभर विचारत राहिली असती आणि तो जन्मभर सांगत राहिला असता. म्हणून त्यानं एकच खोटं सांगून ते दार लावून घेतलं, आणि वर स्वतःला भित्रा म्हणवून घेतलं. असं काय पाहिलं असेल त्या माणसानं, की त्यापुढं बायकोच्या तोंडची ती शिवी त्याला सोपी वाटली?

“आवं काकी, ऐकूया की,” लालासाहेब रडत म्हणाला.

हरणाबाईनं पुढं होऊन त्या पानांवर पंजा ठेवला.

“नको साहेब. त्यांनी न्हाई सांगितलं, तुमीबी सांगू नका.” ती म्हणाली. “हे पोटात ठिवून त्यांनी पन्नास वर्सं माझी बोलणी खाल्ली. मी त्यांना ताटावरनं उठवलं, साहेब. भरल्या ताटावरनं. आता त्यांच्या माघारी तेवढं तरी त्यांच्या मनासारखं व्हऊ द्या.”

साहेबांनी पानं पालथी घातली. पण हरणाबाईचा हात तिथून उठेना. तिला भीती वाटत होती की हात काढला तर आपणच विचारू.