सहावा काप

मला आयुष्यात एकच पत्र आलं, आणि त्याला माझ्याकडून उत्तर गेलं नाही. फितीला कुठे लिहिता येतं, असं म्हणून मी सुटू शकते. पण ते पत्र सत्तावीस वर्षं माझ्याच डब्यात होतं, आणि त्यात जे विचारलं होतं ते मला ठाऊक होतं.

मित्रांनो, मी एक जुनी चित्रफीत आहे. दोन इंच रुंद, जड चक्रीवर गुंडाळलेली. माझी आठवण एकदा पुसली गेली आहे. जे उरलं, त्यावर माझा पुरता भरवसा नाही, हे आधीच सांगते.

१९७१ साली लंडनच्या एका टीव्ही कंपनीत मी नवीकोरी आले. तिथं परग्रहाची एक मालिका चालली होती. पहिल्या भागातल्या अंतराळयानातच सगळा पैसा संपला होता, ग्रह उभा करायला काही उरलं नव्हतं. दिग्दर्शिका टीगबाई वरच्या मजल्यावरच्या साहेबांकडे मागायला गेल्या आणि हात हलवत परत आल्या.

"ग्रहावर धुकं आहे," त्यांनी सगळ्यांना सांगितलं. "कायमचं. तिथले लोक दिसत नाहीत, नुसते ऐकू येतात."

"किती लोक?"

"लेनर्ड."

लेनर्ड कोबोल्ड हा नट मग लांब करडा कोट घालून, धुराच्या यंत्रामागून, साऱ्या ग्रहाचे आवाज काढू लागला. शनिवारी चहाच्या वेळी मुलं हातातला टोस्ट खाली ठेवून त्याला ऐकत. मुखवट्याला पैसे मिळाले असते तर कुणी इतकं घाबरलं नसतं, असं मला वाटतं. कदाचित मी चुकत असेन.

आमच्या कंपनीत एक नियम होता. चूक झाली तर फीत पात्यानं कापून जोडता येई, पण फार जोड असलेली फीत पुढच्या कार्यक्रमाला चालत नसे. म्हणून एका भागाला पाच काप, त्याच्यावर नाही. सहाव्याला वरची सही लागे, आणि ती कधी मिळत नसे. पाचानंतरच्या चुका तशाच घरोघर जात.

माझं चित्रीकरण मार्चमध्ये झालं. लेनर्ड एप्रिलमध्ये हृदय बंद पडून वारला. मी जूनमध्ये दाखवली गेले. त्या आठवड्यात ग्रिम्सबीहून पत्र आलं, त्याच्या नऊ वर्षांच्या मुलीचं, हिलरीचं.

"बाबा परवा धुक्यात म्हणाले, हिली, माझ्या आवाजाकडे ये. आई म्हणते, ते हॅलन म्हणाले, गोष्टीतल्या मुलीचं नाव. ती म्हणते मला भास झाला. तुम्ही पुन्हा लावून बघाल का? मी खोटं बोलत नाही."

पत्र फितींच्या खोलीत, विल्फ्रेड पर्किस यांच्याकडे आलं. ते अबोल गृहस्थ. मला यंत्रावर लावायचं तर कार्यक्रमाचा क्रमांक लागे, आणि लहान मुलीच्या पत्राला क्रमांक नसतो. त्यांनी पत्र माझ्या डब्यात ठेवलं आणि संधीची वाट पाहिली. तेवढ्यात मालिका बंद करायचं वर ठरलं, आणि माझ्या कार्डावर 'पुसावी' असा शिक्का पडला. यंत्रावरचा डग्लस मला न्यायला आला.

"दे ना बाबा ती फीत. शर्यतीचे घोडे खोळंबलेत, त्यांना फीत हवी."

"जरा थांब."

"तीन आठवडे झाले तुझ्या 'जरा'ला. सही आहे कुणाची ठेवायला?"

सही नव्हती. पर्किसनी पत्र बाहेर काढलं, मला त्याच्या हातात दिलं, आणि मी परतल्यावर पत्र पुन्हा डब्यात ठेवलं.

माझ्यावर घोड्यांच्या शर्यती उमटल्या. नंतर मी वर्षानुवर्षं फळीवर पडून राहिले. टापांच्या खाली कुणीतरी चाचपडत चाललं आहे, असं मला वाटत राही. लेनर्ड खरंच तिथं उरला होता की माझीच खोड, कोण सांगणार? पुसलेल्या फितीला विचारायला कुणी येत नाही.

कंपनीनं इमारत सोडली तेव्हा पर्किस निवृत्त झालेले होते. कचऱ्याच्या गाडीतून त्यांनी मला मागून घेतलं. दरवर्षी नवी टेलिफोनची वही आली की ते ग्रिम्सबीचं पान काढून बघत. हिलरी कोबोल्ड हे नाव पत्रातल्याच रस्त्यावर होतं. वही मिटत आणि ठेवून देत.

गेल्या महिन्यात ते मला एका संग्रहालयात घेऊन गेले. माझ्या जातीच्या फिती लावायचं चालतं यंत्र तिथं उरलं आहे. ते नेरिस नावाची बाई सांभाळते.

"घोडेच आहेत हो, मिस्टर पर्किस," ती म्हणाली. "आवाजही घोड्यांचाच."

"असणारच. मीच पुसायला दिली होती."

"काठावरची पट्टी ऐकू का? तिच्यावर दिग्दर्शकाच्या खोलीतलं बोलणं असायचं, जागा सापडायला. पुसताना पुष्कळदा विसरायचे ती."

खरखर झाली. मग टीगबाई, आणि त्यांच्या शेजारी बसलेला कुणी मदतनीस.

"कुणाला हाक मारतोय हा?"

"हिलीला. पोरगी त्याची."

"हॅलन आहे ना लिहिलेलं?"

"धुरात वाट चुकलाय, मॅडम. मघाशी भिंतीला धडकला. आता जे तोंडात येईल ते."

"कापू या?"

"पाच झाले."

"मग राहू दे. छान म्हणाला पण. राहू दे."

लेनर्डचा आवाज कुठेच नव्हता. नेरिसनं तीनदा लावून पाहिलं. पर्किस टोपी हातात धरून बसून राहिले.

मित्रांनो, पुसण्याआधी एकदा ऐकत जा. आणि कुणी विचारलं तर आपल्याला काय ठाऊक आहे ते वेळेवर सांगा, थोडंसंच ठाऊक असलं तरी.

त्या दुपारी पर्किसनी पाच कागद फाडले. सहाव्यावर लिहिलं: "मिस कोबोल्ड, तुमच्या वडिलांचा आवाज आता कुठेही नाही. तो माझ्या हातून गेला. पण ते हिलीच म्हणाले होते. तिथं बसलेल्यांनी ते ऐकलं, आणि मी त्यांना ऐकलं आहे. उत्तराला उशीर झाला. त्याला कारण आहे, पण ते चांगलं नाही."

कोपऱ्यावरच्या लाल पेटीत त्यांनी पाकीट अर्धं घातलं आणि तसेच उभे राहिले. मी पिशवीत होते. मागे एक बाई येऊन थांबली.

"टाकताय ना आजोबा, की मी आधी टाकू?"

"टाकतो," पर्किस म्हणाले, आणि बोटं सोडली.