झिजलेला नमुना

मित्रांनो, मी दिग्रसच्या एका पत्र्याच्या शेडमधली जुनी लेथ मशीन आहे. माझे आयुष्य ऐकण्यासारखे आहे की नाही, याची मला खात्री नाही. पण मागच्या हंगामात मला विकायचे ठरले होते, तेवढी गोष्ट सांगावीशी वाटते. बाकीचे थोडक्यात सांगते.

मला पंजाबकडच्या एका कारखान्यात ओतले, असे ऐकून आहे. माझे काम सोपे आहे. माझ्या तोंडाशी एक लोखंडी जबडा आहे, त्याला चक म्हणतात. चक धातूचा तुकडा घट्ट धरून गरगर फिरवतो आणि बाजूने धारदार टूल पुढे सरकते. तुकडा गोल होतो किंवा आतून पोखरला जातो. पहिली काही वर्षे मी वणीला, ट्रक दुरुस्तीच्या कारखान्यात होते. कोळशाची धूळ तेलात मिसळून माझ्या अंगावर काळा थर बसे. मला चालवणारे उकंडा मिस्त्री तेव्हा तरुण होते. तो कारखाना बंद झाला तेव्हा त्यांनी मला विकत घेतले आणि ताडपत्री टाकून ट्रकने आपल्या गावी आणले.

दिग्रसला जिनिंग पुष्कळ. कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या यंत्रांचे शाफ्ट ज्या पिवळ्या धातूच्या कड्यांत फिरतात, त्या कड्यांना बुश म्हणतात. बुश झिजले की आम्ही नवे करून द्यायचो. दसऱ्याला शेजारच्या शेडमधल्या मशिनींना झेंडूच्या माळा पडत. मिस्त्री मला पुसून, तेल देऊन, घरच्यांना घेऊन नागपूरला दीक्षाभूमीवर जात. मला त्यात काही कमी वाटले नाही.

इथली एक रीत आहे. काम घेऊन येणारा कागदावर माप आणत नाही. तो झिजलेला भाग फडक्यात बांधून आणतो, समोर ठेवतो आणि असाच करून द्या म्हणतो. तसाच झिजलेला त्याला नको असतो, हे मिस्त्रींना ठाऊक असे. ते आतून बोट फिरवत, किती हंगाम चालला ते विचारत, शाफ्ट मागवून घेत आणि त्या शाफ्टला बसेल असा बुश करत. त्यांचा बुश दोन हंगाम बघावा लागत नाही, असे लोक म्हणत. त्यात माझा वाटा किती होता, मला सांगता येणार नाही.

मग मिस्त्रींचे गुडघे गेले आणि धंदा त्यांचा मुलगा संघदीप पाहू लागला. आपली मशीन ठेवायची म्हणजे तिची दुरुस्ती, तिची वीज, तिने अडवलेली जागा. त्यापेक्षा काम बाहेरच्या कारखान्यात करून घ्यावे आणि माझ्या जागी रॅक लावून तयार माल ठेवावा, असे त्याचे म्हणणे होते. मला ते पटले होते. मी दिवसाला तीन-चार बुश करते. तिकडची संगणकावर चालणारी लेथ तेवढे चहा होईपर्यंत करते. उमरखेडच्या एका माणसाने मला घ्यायचे कबूलही केले.

त्याच सुमारास जुन्या ओळखीच्या जिनिंगचे फिटर पूनमसिंग आले. त्यांच्याकडे सगळे शाफ्ट नवे बसवले होते, म्हणून एकाच मापाचे चाळीस बुश हवे होते. हंगामाआधी मिळाले नाहीत, तर पुढचे सगळे काम दुसरीकडे जाणार होते, आणि तेवढ्या एका जिनिंगवर निम्मी शेड चालत होती. संघदीपने काम दूरच्या एका कारखान्याला दिले. सोबत जुना बुश पाठवला. तो फडक्यात नीट बांधून दिला मिस्त्रींनीच.

दसरा झाला आणि माल आला. चाळीस बुश, चकचकीत, कागदात गुंडाळलेले. मला माझी लाज वाटली. दुसऱ्या दिवशी पूनमसिंग परत आले आणि एक बुश मिस्त्रींपुढे ठेवला.

"मिस्त्री, हे बुश होय का माह्या बायकोची बांगडी? शाफ्टावर नुसतं नाचून राह्यलं."

संघदीपने कारखान्याला फोन केला. त्यांनी सांगितले की नमुना आणि माल यांत केसाचाही फरक नाही. ते खरे होते. नमुना झिजलेला होता, आणि त्यांनी झिजेसकट चाळीस वेळा तोच केला होता.

"बाबा, बांधून तं तुमीच देल्लं," संघदीप म्हणाला. "मंग सांगतलं काहून नाही?"

"मले वाटलं, ते इचारतीन." मिस्त्री बराच वेळ बुश बोटावर फिरवत राहिले. "आन् तू बी मले इचारलं नाही."

आठ दिवसांनी कापसाच्या गाड्या सुरू होणार होत्या. पूनमसिंगांनी खाली बघत विचारले, की दुसरीकडे जाऊ का.

"शाफ्ट घेऊन ये," मिस्त्री म्हणाले. "एक करतो."

"एकानं काय होते, बाबा?"

"एक बरोबर झाला का बाकीचे ते करतीन. त्यायची मशीन चांगली हाय."

मिस्त्री स्टुलावर बसून मला चालवू लागले. पहिला बुश बिघडला. माझा एक स्क्रू ढिला आहे, तो दोष माझाच असावा. दुसरा शाफ्टावर बसला. पूनमसिंगांनी शाफ्ट हाताने फिरवला, कान लावला आणि मान हलवली. तो बुश नवा नमुना म्हणून एसटीच्या पार्सलने त्याच दिवशी त्या कारखान्याला गेला. गाड्या सुरू होण्याच्या आदल्या दिवशी नवे बुश आले आणि सगळे बसले.

उमरखेडचा माणूस गाडी घेऊन आला. संघदीपने त्याला चहा दिला आणि मशीन आता विकायची नाही, असे सांगितले. दिवसाला तीन बुश करणारी मशीन कायले ठेवता, असे त्याने हसून विचारले.

"पयला हिच्यावर करून पाहाचा," संघदीप म्हणाला, "बाकीचे बाहीर."

गाडी रिकामी गेली. आता मी आठवड्यातून एखादा दिवसच चालते. टूल संघदीप सरकवतो आणि मिस्त्री मागे स्टुलावर हात बांधून बसतात. त्याचे पुष्कळ तुकडे वाया जातात.

मित्रांनो, घरी एखादी जुनी मशीन असेल, तर काम झाल्यावर तिच्यावरचा धातूचा कीस झटका आणि तिला तेल द्या. ती विकायचीच ठरली तर विका. त्यात चूक आहे असे मी म्हणणार नाही. फक्त त्याआधी ती चालवणाऱ्या माणसाजवळ थोडे बसा, आणि तो काम घेताना काय काय विचारतो ते ऐकून घ्या. मशीन नेणाऱ्या गाडीत ते चढवता येत नाही, आणि नवीन मशिनीबरोबर ते येतही नाही.