चौकशीसाहेबांची मुलगी

मूल पडलं की आपण काय विचारतो? 'आईचं लक्ष कुठे होतं?' मूल कुणाचंही असो, हाड कुठलंही असो, प्रश्न हाच. या घरात तीन दिवसांत तो सासूबाईंनी फोनवर विचारला, शेजारच्या काकूंनी दारात विचारला, शाळेच्या बाईंनीही रजेचा अर्ज घेता घेता विचारून घेतला. प्रत्येकीला आईने तेच उत्तर दिलं, "मी कपडे वाळत घालत होते." सांगून सांगून तिच्या तोंडाला फेस आला होता. आणि बाकीचे एकदा विचारून थांबले, नवरा मात्र रोज विचारत होता.

तो एका कारखान्यात सुरक्षा अधिकारी. कुणाचं बोट कापलं, कुणी घसरलं, की हा फॉर्म घेऊन हजर: वेळ, जागा, कारण, जबाबदार व्यक्ती. कामगार त्याच्यामागे त्याला चौकशीसाहेब म्हणायचे. माणूस वाईट नव्हता, पण सवय अंगात मुरलेली. सहा वर्षांची मुलगी कपाटावरचे रंग काढायला खुर्चीवर चढली आणि पडली, उजव्या हाताला प्लास्टर लागलं, तेव्हाही संध्याकाळी हा वही उघडून तिच्यासमोर बसला.

"खारू, तू चढलीस तेव्हा आई घरात होती की गच्चीत?"

सतत कुठेतरी चढायची म्हणून तिला घरात खारू म्हणत. ती वहीकडे बघायची, मग आईकडे बघायची आणि म्हणायची, "आठवत नाही."

आईचा दिवस त्या एका हाताभोवती फिरत होता. बाह्या उसवून फ्रॉक घालायचा, हाताखाली उशी द्यायची, अंग पुसताना प्लास्टरला पिशवी बांधायची, घास भरवायचा. डॉक्टरांनी बजावलं होतं की बोटं गुलाबी, कोमट आणि हलती हवीत. सूज आली, मुंग्या आल्या, तर लगेच यायचं. आई रोज विचारायची, "दुखतंय का गं?" खारू म्हणायची, "नाही." बोटं हलव म्हटलं की अंगठा हलवून दाखवायची. आई इतकी थकली होती की तेवढ्यावर तिचं समाधान व्हायचं.

तिसऱ्या दिवशी दुपारी आई तिचे हात पुसायला बसली. उजव्या हाताची बोटं टम्म सुजली होती आणि गार पडली होती. तिने नुसता स्पर्श केला तर खारूच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. तरी ती म्हणत होती, "दुखत नाही. खरंच नाही."

आईने तिला उचललं आणि तडक दवाखाना गाठला. तिथे प्लास्टर घालणारा एक म्हातारा होता, सगळे त्याला मामा म्हणत. प्लास्टर कापायच्या मशीनच्या आवाजाने खारू बिचकली, तेव्हा मामांनी ते आधी स्वतःच्या तळव्याला लावून दाखवलं. मग प्लास्टर उभं चिरून सैल केलं. थोड्या वेळाने बोटांना रंग आला. डॉक्टर म्हणाले, "वेळेत आणलंत. संध्याकाळपर्यंत थांबला असतात तर हाताचं अवघड होतं."

एवढ्यात बाप कामाच्या बुटांनिशीच धावत आला. हात बघितला, चेहरा पांढरा पडला. पण तोंडातून निघालं तेच, "कधीपासून दुखतंय? आईला सांगितलं होतंस? आईने काय केलं?"

खारू हुंदके देत म्हणाली, "बाबा, आईचं नाव नको ना लिहूस!"

आई भिंतीला टेकली आणि तिने डोळे मिटून घेतले.

मामा हातावरची पांढरी भुकटी पुसत म्हणाले, "साहेब, काम काय करता?" त्याने सांगितलं. "मग तुमच्या कारखान्यात बारीकसारीक लागलं तर लोक येऊन सांगतात?"

त्याला मागच्या महिन्यातला फिटर आठवला. बोटाला फडकं गुंडाळून त्याने दोन दिवस काम केलं होतं. "नाही," तो म्हणाला, "लपवतात."

"का बरं?"

"मी फॉर्म भरतो म्हणून."

"मग पोरीने वेगळं काय केलं? दुखतंय म्हटलं की आईला बोलणी बसणार, हे तिला कळलं. चौकशी करा की, कारण कळायलाच हवं. पण आधी दुखणं बघा. आणि लेकराला आईविरुद्ध साक्षीला उभं करू नका."

बाप खाली बसला. त्याने वही काढली नाही. एवढंच विचारलं, "खारू, कुठे दुखतंय?" खारूने बोट दाखवलं, आणि मग किती वेळ ती दाखवतच राहिली.

पुढचे दोन महिने सगळ्यांनाच जड गेले. प्लास्टर निघालं तेव्हा हात बारीक झालेला, कोपर आखडलेलं. ओढायचं नाही, चोळायचं नाही, तिचं तिला वाकवू द्यायचं, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. बाप सकाळी तासभर उशिरा कामाला जायचा आणि पाण्याच्या टबापाशी तिच्यासोबत ओला स्पंज पिळत बसायचा. त्या तासात आई झोपायची.

एके दिवशी स्पंज पिळता पिळता खारू आपणहून म्हणाली, "बाबा, त्या खुर्चीचा पाय हलत होता. तू रविवारी ठोकणार होतास ना, तीच."

त्याचा हात पाण्यातच थांबला. आई झोपेतून उठून दारात उभी होती.

"तुला माहीत होतं?" त्याने विचारलं.

"होतं."

"मग मी रोज विचारत होतो तेव्हा बोलली का नाहीस?"

"पोरीचा हात सांभाळायचा होता," ती म्हणाली. "एका घरात दोन-दोन चौकशा कोण चालवणार?"

खारूने घाबरत बापाकडे पाहिलं. "आता तुझं नाव लिहायचं?"

"लिहायचं," तो म्हणाला. "चूक माझी आहे." आणि बायकोकडे बघून, मान खाली न घालता, "तुझीही माफी मागायची आहे."

मंडळी, चूक शोधावी, नाही असं नाही. पण पडलेल्या लेकराला आधी विचारावं, कुठे दुखतंय. ज्या घरात दोष आधी शोधतात, त्या घरात मुलं दुखणं सांगायची बंद होतात.