गेनबाची हाळी

"पाद्री म्हणू नका, आबा. फिरंग्यांचा शब्द हाय त्यो. त्याचा अर्थ बाप."

"मग नगंच," गेनबा धनगर लेकाला, ज्ञानूला म्हणाला. "बाप म्या हाय. तू कोण?"

"पाळक. मुळात त्याचा अर्थ मेंढपाळ."

गेनबा असा हसला, की वरचा राजगड हलला. भोर संस्थान होतं तेव्हाची गोष्ट, निम्मी सोडून द्या. पण माळावरची टिटवी उडाली, ती मी या डोळ्यांनी पाहिली. त्यानं काठी ज्ञानूच्या हातात कोंबली.

"मेंढपाळ व्हायला येवढं शिकलास व्हय? घे मग. माजं डोळं अधू झालं, गुडघं गेलं. दुसरं हाय कोण?"

ज्ञानूनं ती मनापासून घेतली. भोरात तो प्रार्थना चालवायचा. ऐकायला एकच म्हातारा यायचा, आणि तोही ठार बहिरा. म्हणून तर तो गडाखालच्या आपल्या गावी, पालीला परतला होता. कळप जगला तरच आईबाप जगणार होते.

सकाळी त्यानं हाळी दिली. मेंढरांनी माना वर केल्या आणि पुन्हा खाली घातल्या. त्याच्या आईनं, बाळाबाईनं, नवऱ्याचं घोंगडं त्याच्या खांद्यावर टाकलं. "आता वळखतील बग." वासावर दोन-चार पुढं आली, तोंड बघून मागं सरली. मग दारातून गेनबा घोगऱ्या आवाजात ओरडला, तसा सगळा कळप त्याच्या पायाशी.

पावसाळाभर हेच चाललं. ज्ञानूच्या मागं न येता माळावर रेंगाळलेली मेंढरं लांडग्यानं नेली.

दिवाळी झाल्यावर गेनबा म्हणाला, "ऱ्हाऊ दे, लेकरा. इकू."

भोरचा खाटीक न्यायला आला, तर मेंढरं त्याच्याही मागं जाईनात. शेवटी गेनबाच पुढं झाला. वाटेत मुक्काम करत, हाळ्या देत, लंगडत. मागं मेंढरं, आणि सगळ्यांच्या मागं एक दमलेलं कोकरू उचलून पाळकसाहेब.

बाजारात खाटकाच्या कुडाच्या कोंडवाड्यापाशी कळप थबकला. गेनबा आधी आत शिरला. त्याच्यामागं सगळी शिरली. ज्ञानूनं कोकरूही आत सोडलं. मग म्हातारा एकटाच अंग चोरून बाहेर आला.

ज्ञानूनं बांबूची ताटी ओढली.

"घट्ट बांद," गेनबा तिकडं न बघता म्हणाला. "न्हाईतर माज्या मागं येतील."